ज्यानं कापलं त्यानं शेवटी

हेरंबला दुधाची कॉफी नको असते, मला काळी नको,
आणि दोघांनाही एकमेकांचं घर नको.
म्हणून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
आम्ही कॅफेत भेटतो.
तो खारघरहून येतो, मी ऐरोलीहून.
मध्ये कुठेतरी, सेक्टरांच्या आकड्यांत,
सात-आठ टेबलांचं एखादं दुकान सापडतं,
जिथं आईला कुणी ओळखत नव्हतं.

पहिला जुईनगरचा. तिथं स्टुलं इतकी उंच
की माझे पाय लोंबकळत राहिले.
अर्धा तास आम्ही वायफायच्या पासवर्डबद्दल बोललो.
कॉफीवर साईचं पान काढलेलं, देठासकट.
हेरंब माझ्या कपाकडे बघत म्हणाला,
ढवळ आता, गार होईल.

वाशीतला मुलगा कॉफीची पूड तोलून घेतो,
सोनाराच्या काट्यासारखा बारीक काटा,
अठरा ग्रॅम, दाणा इकडे नाही की तिकडे.
किती नीट बघ, हेरंब म्हणाला.
हो, मी म्हणाले.
पाटल्या तोलल्या त्या दिवशीचं
दोघांनीही काही काढलं नाही.
अंडं छान होतं. पाव जळका.

सीवूड्सचा बंद पडला.
डिसेंबरात तिथं संत्र्याचा केक खाल्ला होता,
सालीचा कडवटपणा जिभेवर ठाण मांडून बसणारा.
फेब्रुवारीत शटरवर पाटी: भाड्याने देणे आहे.
आम्ही दोघं पाटीसमोर उभे, हातात हेल्मेटं,
आणि मला वाटलं आता हा बोलेल.
कारण नेरूळच्या दारावर कुठली पाटी लावायची,
भाड्याने की विकणे,
यावर तर अडलंय सगळं दोन वर्षं.
सिडकोच्या लॉटरीत बाबांना लागलेलं घर,
दीड खोली, एक गॅलरी,
गॅलरीत अजून आईचा कढीलिंब, कुणास ठाऊक कसा.
तो म्हणाला, समोर सँडविच मिळतं वाटतं.

काल सारसोळे गावात.
बापाची जाळी ठेवायच्या खोलीत
रसिका भोईरनं कॅफे काढलाय.
भिंतीला रंग दिला तरी वास जाळ्यांचाच,
तिनं तो घालवायचा प्रयत्नही केलेला दिसत नाही.
फळ्यावर खडूनं: तांदळाची भाकरी, वर अंडं, वर सोडे.
कोपऱ्यात तिचा बाप, चहा मागत.
बाबा, इथं चहा नाय मिलत.
मंग उघरलंस कशाला?
त्याला ती रोज हेच सांगत असणार,
आणि तो रोज हेच विचारत असणार.

खाऊन झाल्यावर नारळ-गुळाचा केक.
एकच तुकडा उरलाय, रसिका म्हणाली,
आणि न विचारता दोन काटे आणि सुरी ठेवून गेली.
हेरंबनं सुरी उचलली,
मधोमध आणली, थांबला.
मी कापतो. तू आधी उचल.

हे वाक्य त्याचं नव्हतं.
आमच्या घरातला तो एकमेव कायदा,
मोसंबीपासून दिवाळीच्या फटाक्यांपर्यंत लागू:
ज्यानं कापलं त्यानं शेवटी.
आई ओट्याशी पाठमोरी, मागे न बघता
कोण रडीचा डाव खेळतंय ते सांगायची.

त्यानं कापला. श्वास रोखून.
चाळिशीचा चष्मा नाकावर ओढून, डोळे बारीक करून.
तरी डावा थोडा मोठा झाला.
मला दिसला, त्यालाही दिसला.
मी डावा उचलला.

अजून?
अजून.

तो इतक्या मोठ्यानं हसला
की रसिकाच्या बापानं चहाचं विचारणं थांबवून
आमच्याकडे पाहिलं.

घराचं काहीच ठरलं नाही. बिल निम्मं-निम्मं केलं.
एक रुपया वर उरत होता, तो कुणी द्यायचा
यावर थोडी बाचाबाची झाली, ती बरी वाटली.

गाडीला किल्ली लावताना तो म्हणाला,
पुढच्या वेळी नेरूळलाच बसूया का.
कॉफी मी करतो. गॅस आहे ना अजून?

आहे, मी म्हणाले.
सिलिंडर मी मे महिन्यातच परत केलाय,
त्याला न विचारता.